भिंतीला तोरण

या अंकाच्या संपादकांनी लेखाबरोबर माझा परिचय मागितला. दोन ओळी पुरे, म्हणाले. व्यावसायिक पार्श्वभूमी आणि सामाजिक सहभाग. आमच्या शहापूरच्या बार रूममध्ये, म्हणजे कोर्टातल्या वकिलांच्या खोलीत, असा परिचय बहुतेकांकडे छापून तयार असतो, कारण सत्काराची वेळ कधी येईल सांगता येत नाही. माझ्याकडे नव्हता. म्हणून इथेच देऊन टाकते. पार्श्वभूमी: कॉलेजात असल्यापासून एका संघटनेची पत्रकं लिहिली, सायक्लोस्टाइल केली आणि आटगावपासून कसाऱ्यापर्यंत वाटली. सामाजिक सहभाग: दोनदा अटक, दोन्ही वेळा पत्रकं वाटताना.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी वकिली सुरू केली. संघटनेतले म्हणाले, आपल्यातल्या कुणीतरी काळा कोट घातला पाहिजे, दर वेळी जामिनासाठी परका वकील कुठून आणायचा. घरचे म्हणाले, कोट घातल्यावर तरी पोलीस हिला उचलणार नाहीत. चळवळ आणि आई या दोघींचं माझ्याबाबत एकमत झालेला तो एकमेव निर्णय.

पहिला दावा मुरबाडच्या कोर्टात लावला. शेजाऱ्याने बांध सरकवल्याचं साधं प्रकरण. मी रात्रभर बसून लिहिला होता आणि स्वतःवरच खूश होते. न्यायाधीशांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "'पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या या मुजोरीचा आम्ही जाहीर निषेध करतो.' वकीलबाई, प्रतिवादी कोण आहे?"

"शेजारी, साहेब."

"मग त्याचा जाहीर निषेध कशाला? घरी जाऊन करा. बांध किती सरकवला ते कुठे लिहिलंय?"

ते लिहायचं राहिलं होतं. कोर्ट हसलं, शिपाईसुद्धा हसला. वकिलीचं निम्मं शिक्षण मला त्या सकाळी मिळालं. पत्रक वाचणाऱ्याला राग आला पाहिजे. दावा वाचणाऱ्याला नकाशा दिसला पाहिजे. राग आपण घरी ठेवायचा. मला तो कधी घरी ठेवता आला नाही, पण तेव्हापासून निदान नकाशा जोडायला लागले.

उरलेलं निम्मं शिक्षण दिलं फणसे वकिलांनी. तालुक्यातले सगळ्यात ज्येष्ठ. त्यांचा परिचय छापताना संपादकांना पुरवणी काढावी लागेल. शिबिरं, व्याख्यानमाला, वृक्षारोपण, वह्यावाटप. (झाड एकच, पण त्याचं आरोपण दर पावसाळ्यात.) कोर्टाच्या फाटकाशी त्यांनी वडिलांच्या नावाने पाणपोई बांधली होती. नाव केवढं मोठं आणि नळ केवढासा. कोर्टात ते मला 'माझी विद्वान मैत्रीण' म्हणायचे आणि बाहेर 'बाळ'. दोन्ही शब्द ते एकाच सुरात म्हणत.

तर या फणसे वकिलांनी होळीच्या सुमाराला डोळखांबला कायदेविषयक शिबिर घेतलं. विषय होता 'आपले हक्क ओळखा'. पाड्यांवरच्या बायकांना टेम्पोत भरून आणलं होतं. मांडव पाहुण्यांच्या डोक्यावर आणि बायका उन्हात, अशी बैठकव्यवस्था. मी आभारप्रदर्शनाला होते. तरुण वकील बाई म्हटली की तिच्या वाट्याला आभारप्रदर्शन येतं. फणसे तासभर बोलले. पाण्यावर तर फारच सुंदर बोलले. पाणी म्हणजे जीवन, पाणी हा प्रत्येकाचा हक्क, वगैरे. मग कुणाला काही शंका आहे का, असं विचारून ते खाली बसायला लागले, कारण शंका विचारायची पद्धत नाही.

एक म्हातारी उभी राहिली. वेळूच्या पाड्यावरची बुधीबाई. सोबत सून होती, सुकरी, उजवा हात फडक्याने गळ्यात बांधलेला.

"मग आमच्या पान्याच्या वाटंवर भित घातली ती कोनाच्या हक्कात घातली?" बुधीबाई म्हणाली.

फणसे अर्धवट उभे, अर्धवट बसलेले. "मावशी, रीतसर अर्ज करा," ते म्हणाले. माझ्याकडे हात करून म्हणाले, "या ताई मदत करतील." टाळ्या झाल्या.

मी आभार मानले नाहीत, सरळ खाली उतरले. त्याबद्दल पुढे बारच्या बैठकीत माझ्याविरुद्ध नापसंतीचा ठराव आला.

प्रकरण असं होतं. पाडा डोंगराच्या अंगावर, झरा खाली नाल्याच्या कडेला, सरकारी जागेत. मधली जमीन मुंबईच्या एका शेठनी घेतली होती. शेठ कागदोपत्री शेतकरी होते, म्हणजे शनिवार-रविवार शेतकरी. दिवाळीनंतर त्यांनी वरच्या अंगाला दगडी भिंत घातली आणि पाड्याची झऱ्याकडे जायची वाट बंद झाली. तेव्हापासून बायका नाल्याच्या घळीतून, ओल्या दगडांवरून, लांबच्या फेऱ्याने एका डबक्याचं पाणी आणत. सुकरी तिथेच हंड्यासकट पडली होती. कोपराचं हाड मोडलं आणि वाकडं जुळलं. चोवीस-पंचवीसची असेल. तिला हात सरळ करता येत नव्हता. घरात दोन लहान पोरं, नवरा वीटभट्टीवर, सासूला डोक्यावर ओझं झेपत नाही. पाणी तिलाच आणायचं होतं, आणि त्याच घळीतून.

बाहेरच्यांना सांगते, वाट अडवली तर दरवेळी दिवाणी कोर्टातच जावं लागतं असं नाही. मामलेदार कोर्टाचा एक जुना, इंग्रजांच्या काळचा कायदा आहे. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत तहसीलदाराकडे अर्ज करायचा. तहसीलदार जागेवर येतात, पंचनामा करतात, साक्षी घेतात आणि हुकूम देतात. वाट जुनी आणि वहिवाटीची आहे एवढं दाखवलं की झालं. ऐकायला झटपट वाटतं. पण तहसीलदार हा फावल्या वेळातला न्यायाधीश. तो निवडणुकीत असतो, टंचाईच्या बैठकीत असतो, मंत्र्यांच्या दौऱ्यात असतो. टंचाईच्या बैठकीमुळे आमची पाण्याची तारीख दोनदा पुढे गेली.

पहिल्याच तारखेला शेठतर्फे कोण उभं राहिलं? फणसे. हातात शेठचं वकीलपत्र.

"फणसे साहेब, तुम्हीच तिला अर्ज करायला सांगितलंत," मी म्हणाले.

"अगं बाळ, अर्ज केला तिने. माझं शिबिर यशस्वी झालं. आता दुसरी बाजू मांडायला कुणीतरी नको का?"

अखेर वैशाखात स्थळपाहणी ठरली. मी पाड्यावर जाऊन सगळ्यांना बजावलं, साहेब येणार आहेत, वाट दाखवायची, विचारतील तेवढंच बोलायचं. त्या वाटेचं मला काही सांगावं लागणार नव्हतं. इतक्या वर्षांच्या पायांनी जमिनीत खोबण पडली होती. आंधळ्यालाही पायांनी कळली असती.

पाहणीच्या दिवशी मी तहसीलदारांच्या जीपमागून पोचले, आणि खाली उतरून डोक्याला हात लावला.

वाट ओळखू येत नव्हती. दोन्ही बाजूंचं गवत छाटलेलं. मधला भाग खरवडून, लाल माती टाकून, चोपून सपाट केलेला. कडेला दगड मांडलेले आणि प्रत्येक दगडाला चुना. आणि जिथे वाट शेठच्या भिंतीला धडकत होती तिथे भिंतीवर आंब्याच्या पानांचं तोरण, खाली रांगोळी, रांगोळीत कलश.

तहसीलदार त्या तोरणाकडे बघत राहिले. त्यांच्या नोकरीत बरीच उद्घाटनं झाली असतील, पण भिंतीचं बहुधा पहिलंच.

फणसे वाकले. एका दगडाला बोट लावलं आणि ते बोट साहेबांसमोर धरलं. "साहेब, चुना ओला आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माझी विद्वान मैत्रीण म्हणते, वाट पूर्वापार आहे. पूर्वापार म्हणजे काल संध्याकाळपासून का?"

मंडल अधिकारी, ज्यांना आमच्याकडे सगळे सर्कल म्हणतात, ते लिहायला लागले: रस्ता अलीकडे नव्याने तयार केल्याचे दिसून येते.

मी बुधीबाईला बाजूला ओढलं. "कुणी सांगितलं हे करायला?"

"कोन सांगल? साहेब येनार ना गो! मागं शाला बघायला साहेब आलेला. आमी चुना नाय मारला, तं ग्रामसेवक केवडा वरडला आमाला. तवापासनं कोन पन साहेब आला का आमी मारतोंच."

"आणि तोरण? भिंतीला तोरण लावतं का कुणी?"

"मग कुठं लावू? वाट तितंच खपते ना."

बाजूला सुकरी उभी होती. चुन्याने डावा हात कोपरापर्यंत पांढरा झालेला. सगळे दगड तिने एका हाताने रंगवले होते.

आजही हे लिहिताना माझं रक्त उसळतं. ज्या सरकारने वर्षानुवर्षं या लोकांना शिकवलं की साहेब येण्याआधी खरं गाव झाकून ठेवायचं, तेच सरकार त्या दिवशी ओल्या चुन्याकडे बोट दाखवून म्हणत होतं, तुम्ही खोटे. एकाही साहेबाने बिनचुन्याचं खेडं पाहिलेलं नाही. खेड्यात पांढरे दगड आपोआप उगवतात, अशी त्यांची समजूत असावी. तरी साहेबांना चुना दिसतो तो फक्त पाड्यावर. स्वतःच्या कचेरीच्या आवारात दिसत नाही.

हे सगळं मी तिथे बोललेही. आवाज वाढवून. तहसीलदार म्हणाले, "वकीलबाई, ही सभा नाही." हे वाक्य मला नवीन नव्हतं.

तेवढ्यात भिंतीच्या कोपऱ्यावरून खुद्द शेठ आले. अर्धी विजार, गोल टोपी, हात जोडलेले. अतिशय अगत्याचा माणूस, हे सांगायला हवं. "साहेब, उन्हात काय उभे? आत या, चहा घेऊ. सगळं मोकळेपणाने बघा, आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही."

विरुद्ध पक्षाच्या घरी चहाला जायचं नसतं, हे मी शिकले होते. मी बाहेरच थांबत होते. बुधीबाईने मला पाठीत कोपर मारलं. "जा गो तू पन आत. आमाला तं जाऊन देत नाय. तू तरी बघून ये, झऱ्याला पानी हाय का."

म्हणून गेले.

शेठनी आधी बदकं दाखवली. मग कलमं दाखवली. मग झुला. फणसे पोह्यांची बशी घेऊन मागून येत होते, काम फत्ते झाल्याच्या चालीने. आणि मग शेठ एका पायवाटेपाशी थांबले. दोन्ही बाजूंना बुटके दिवे लावलेले, एका खांबावर पाटी: 'नेचर वॉक'.

"ही आमची खास चीज," शेठ म्हणाले. "इथे असलो की सकाळी मी आणि मिसेस इथेच चालतो. आणि साहेब, ही आम्ही बनवलेली नाही हां. एकदम ओरिजिनल! कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, फरशी टाकू. मी म्हटलं, हात लावायचा नाही. हे दगड बघा, मधून कसे झिजलेत. असे दगड पायांनीच झिजतात. ही चीज बाजारात मिळत नाही."

मला बोलायचं होतं. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाच्या तोंडात अशा वेळी किमान तीन उद्गारचिन्हं जमा होतात. पण वकिलीत एक वेळ अशी येते की आपली सगळी विद्वत्ता गप्प बसण्यात असते. मी ओठ मिटून एका बदकाकडे बघत राहिले.

तहसीलदारांनी खाली वाकून दगडावर हात फिरवला. "कुणाच्या पायांनी झिजले असतील?"

"इथल्याच लोकांच्या!" शेठ कौतुकाने म्हणाले. "पिढ्यान् पिढ्या खाली झऱ्यावर जात असतील बायका. काय रोमँटिक..."

फणसेंना ठसका लागला. पोह्यातली मिरची असावी. शेठनी त्यांच्याकडे बघितलं आणि मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरचं अगत्य उतरलं.

तहसीलदार वर बघत होते. झिजलेली वाट सरळ चढत भिंतीपाशी जाऊन थांबत होती, आणि नेमक्या त्याच ठिकाणी भिंतीवरून पलीकडच्या तोरणातली चार हिरवी पानं डोकावत होती.

"सर्कलसाहेब," मी म्हणाले, "शेठ जे बोलले ते जसंच्या तसं पंचनाम्यात घ्या."

"साहेब," फणसे खोकत म्हणाले, "ते आपलं कौतुकाने बोलले."

"मीही कौतुकानेच लिहून घेतोय," तहसीलदार म्हणाले.

आम्ही जिंकलो. लगेच नाही, पावसाळा गेला, दिवाळी गेली, मग हुकूम झाला. अडथळा दूर करून सहा फुटांची वाट पूर्ववत खुली करावी. मी 'विजय!!!' असं पत्रक काढलं. फणसेंनी भर बार रूममध्ये माझं अभिनंदन केलं आणि पुढच्या सत्काराच्या छापील परिचयात त्यांच्या नावापुढे ओळ आली, 'डोळखांब भागातील पाणीवाट प्रश्नात सक्रिय सहभाग'. खोटं कसं म्हणणार? सहभाग होता.

इथे गोष्ट संपली असती तर हा लेखही गोड झाला असता. शेठनी भिंत सहा फूट फोडली. आणि त्या सहा फुटांत दोन झडपांचं लोखंडी फाटक बसवलं. फाटकाला कुलूप, वर पाटी: 'रस्ता सर्वांसाठी खुला. वेळ सकाळी १० ते ५.'

पाड्यावरच्या बायका उजाडायच्या आधी पाणी भरतात. दहाला त्या मजुरीवर असतात. म्हणजे सुकरी पुन्हा घळीत. मी तहसीलदारांकडे धावले.

"रस्ता खुला आहे ना?" ते म्हणाले.

"दहा वाजता, साहेब."

"मग दहाला भरा. हुकमात वेळ लिहिलेली नाही. तुम्ही अर्जात मागितली नव्हती."

नव्हतीच. पाण्याला जायची वेळ मागून घ्यावी लागते, हे मला कुठल्या पुस्तकात शिकवलं नव्हतं. नवा अर्ज केला. महिन्यानंतरची तारीख मिळाली.

त्या तारखेला मी कचेरीत फणसेंच्या शेजारी उभी होते. बाहेर गलका झाला. शहापूर डेपोकडून बायकांचा घोळका येत होता, आणि त्यांच्या खांद्यांवर फाटक. दोन्ही झडपा. बिजागरीतून उचलून काढलेलं, कुठे ठोकलेलं नाही, वाकवलेलं नाही, कुलूप तसंच. फाटकावरचा राखणदार पाड्याचाच जावई होता, तो म्हणे चहाला गेला होता. डोळखांबहून एसटीच्या टपावर टाकून आणलं. मागून कंडक्टर आला होता, फाटकाला माणशी तिकीट की लगेज, यावर त्याचा वाद अजून संपला नव्हता.

चोरी, नुकसान, बेकायदा जमाव. मनात मी जामिनाचे अर्ज मोजायला लागले.

बायकांनी फाटक तहसीलदारांच्या दारात आडवं ठेवलं.

"हे काय आहे?" तहसीलदार बाहेर आले.

"अडथला हाय, साहेब," बुधीबाई म्हणाली. "तुमी कागदात लिवला तो. काढा म्हनालात, शेठनी काय काढला नाय. आमी काढला. आता तुमचा तुमी सांबाला."

"अहो, ही शेठची मालमत्ता आहे!" फणसे ओरडले.

"मग शेठला बोलवा की. येऊन म्हनू दे, माजा हाय, मीच घातला म्हनून."

फणसेंनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते आणि मी एकाच क्षणी एकच विचार करत होतो. फाटक मागायचं तर शेठना लेखी द्यावं लागणार, हुकमानंतर अडथळा मीच परत घातला. तसं लेखी कोणता वकील देऊ देईल? फणसेंनी देऊ दिलं नाही, हे त्यांच्या हुशारीला धरून झालं.

तहसीलदारांनी फाटकाचं कुलूप ओढून पाहिलं. मग शिपायाला म्हणाले, "मागे ठेव. आवारात."

पुढच्या आठवड्यात मी पाड्यावर गेले, मुक्काम केला आणि पहाटे बायकांबरोबर झऱ्यावर उतरले. भिंतीत सहा फुटांची मोकळी जागा, दोन नुसते खांब. वाटेवर शेठचे बुटके दिवे लागलेले. परतताना वरून शेठ येत होते, टोपी, अर्धी विजार, सकाळची फेरी. अगत्य परत आलं होतं. त्यांनी सगळ्यांना हात जोडले. बायका पदर सावरत, भरले हंडे घेऊन चढत होत्या. सुकरी शेवटी होती, हंडा डाव्या हाताने धरलेला, उजवा कोपरात मुडपून पोटाशी.

"अरे, तुमच्या हाताला काय झालं?" शेठनी खऱ्या काळजीने विचारलं.

"वाट बंद होती तवा मोडला," सुकरी म्हणाली, आणि चालत राहिली.

वाट अरुंद होती. शेठ दिव्यांच्या पलीकडे, गवतात उतरून उभे राहिले.